पुरात बुडालेले अकरा रॅचेट: वडोदऱ्यातल्या एका गॅरेजचे प्रकरण

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. वरून पाऊस थांबेना, त्यात आजवा जलाशयाचे पाणी आलेले. जन्माष्टमीच्या सुमाराला निम्मे वडोदरा पाण्यात होते. फतेगंजच्या बाजूला आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या शेजाऱ्यांचे चारचाकीचे गॅरेज आहे. तिथे छातीपर्यंत पाणी चढले. हत्यारांच्या ट्रॉलीचे खालचे तीन खण आणि भिंतीलगतची लाकडी पेटी पूर्ण बुडाली. पाणी उतरले तेव्हा प्रत्येक खणात बोटभर काळपट गाळ होता.

या गाळात सापडलेल्या हत्यारांपैकी साधे पाने, हातोड्या, गोट्या (सॉकेट) यांच्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. ती धुतली, पुसली, तेलाचा हात फिरवला की संपले. प्रश्न होता रॅचेटचा, म्हणजे नटावरून न उचलता नुसता मागे-पुढे हलवून नट फिरवणाऱ्या दांड्याचा. अर्धा इंची पाच, तीन अष्टमांश इंची तीन, पाव इंची दोन आणि ट्रकच्या कामाचा पाऊण इंची एक, असे अकरा नग; हे माप गोटी बसते त्या चौकोनाचे. त्यांचे पुढे काय झाले आणि का झाले, ते सविस्तर मांडतो आहे, कारण एकाच पुरातून, एकाच खणातून निघालेल्या या अकरा नगांची निगा योगायोगाने दोन वेगळ्या पद्धतींनी राखली गेली. असा पडताळा मुद्दाम करायचा म्हटला तरी कोणी स्वतःची हत्यारे देणार नाही.

पहिले दोन दिवस

पाणी उतरल्यावर मालक घर आवरण्यात अडकले होते. गॅरेजवर त्यांचा पुतण्या होता, आयटीआय झालेला, हाताने चपळ. त्याने सगळ्यात आधी टाकीच्या स्वच्छ पाण्याने हत्यारे धुतली. यावरून नंतर त्याला घरात बोलणी बसली की आधीच भिजलेल्या लोखंडावर आणखी पाणी कशाला ओतलेस. माझ्या मते त्याने नेमके बरोबर केले होते. पुराच्या पाण्यात गटाराचे क्षार असतात, माती असते, आणि ते तसेच वाळले की गंज दुपटीने धरतो. गाळ ओला आहे तोवरच तो पाण्याने निघतो, वाळला की फटींत दगडासारखा बसतो.

धुतल्यावर त्याने चार रॅचेट लगेच वापरात घेण्यासाठी बाजूला काढले, तीन अर्धा इंची आणि पाऊण इंची. फडक्याने पुसले, डोक्याच्या फटीतून ग्रीसगनने चासीचे ग्रीस भरले आणि दहा-पंधरा वेळा फिरवून जास्तीचे ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबले. गाड्यांची रांग लागली होती. पुरात बुडालेल्या गाड्या टोइंग करून दारात आणून सोडल्या जात होत्या, प्रत्येक मालकाला आजच उत्तर हवे होते. या गर्दीत उरलेल्या सातांकडे बघायला त्याला वेळ झाला नाही. त्याने ते डिझेल भरलेल्या बादलीत टाकले आणि बादली मागे सरकवून दिली.

काय घडले

साधारण आठवड्याने, गणपती बसायच्या आसपास, ग्रीस भरलेल्या तीन अर्धा इंचींपैकी एक रॅचेट लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बोल्टवर घसरला. पुतण्या दोन्ही हातांनी जोर लावत होता. एकदम ‘कट्’ असा आवाज झाला, हँडल मोकळे सुटले आणि त्याची मूठ चासीच्या कडेवर आपटली. दोन बोटांची सालटी निघाली. पुराच्या चिखलात काम चालू असताना हातावरची उघडी जखम म्हणजे साधी गोष्ट नव्हे, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भीती त्या दिवसांत सगळीकडेच होती. मालकांनी त्याला लगेच दवाखान्यात नेले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे, आणि हत्यारांची दुरुस्ती हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

मी गेलो तेव्हा मालकांनी तोच रॅचेट माझ्या कानाशी फिरवून दाखवला. “काका, आवाज तर छान येतोय हो. नवा असताना येत होता तसाच.”

आवाज खरोखरच छान येत होता. पण हा आवाज फसवतो. परत फिरवताना आतला, चकतीच्या दातांत अडकणारा खटका दातांवरून सरकतो, तेव्हा तो वाजतो. पुढे जोर लावताना खटका दाताच्या तळापर्यंत बसतो की नुसता टोकावर टेकतो, हे त्या आवाजातून कळत नाही.

उघडून पाहिल्यावर

रॅचेटच्या डोक्यात वस्तू मोजक्याच असतात. मधे दातेरी चकती, तिला धरून बाहेर आलेला चौकोन ज्यावर गोटी बसते, दातांत अडकणारा एक किंवा दोन खटके, खटक्याला मागून दाबणारी इवलीशी स्प्रिंग आणि तिच्या टोकाला छर्रा किंवा पिन, आणि दिशा बदलायची कळ. वर पत्र्याचे झाकण, ते दोन स्क्रूंनी नाहीतर सर्कलिपने (खाचेत बसणाऱ्या लवचीक कडीने) बसवलेले. हे सगळे उघडताना पहिला धोका त्या स्प्रिंगचा. झाकण उचलताच ती छर्‍यासकट उडते आणि गॅरेजच्या जमिनीवर पडलेली स्प्रिंग शोधणे जवळजवळ अशक्य. म्हणून मी डोके पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीच्या आत हात घालूनच झाकण काढतो. झाकण सुटल्याबरोबर मोबाइलने फोटो घेतो. खटका कोणत्या बाजूने बसवलेला होता, हे डोक्यात राहील अशा भ्रमात राहू नये. उलटा बसवला तरी झाकण लागते, रॅचेट वाजतोही, पण एका दिशेला धरत नाही.

घसरलेल्या रॅचेटचे झाकण निघाले तेव्हा आत करड्या रंगाची घट्ट लेई होती. चासीचे ग्रीस अधिक विश्वामित्रीचा गाळ. पाण्याने धुऊनही आतला बारीक गाळ निघाला नव्हता, आणि ग्रीसने तो तिथेच पकडून ठेवला. गाळाच्या रेतीत क्वार्ट्झ असतो, तो कडक केलेल्या पोलादालाही ओरखडतो. व्हॉल्व घासायला जी लॅपिंग पेस्ट वापरतात तिच्यासारखेच मिश्रण डोक्याच्या आत दिवसभर फिरत होते. चकतीच्या बाहेरच्या गोल पृष्ठभागावर त्याच्या खुणा स्पष्ट होत्या. पाच दातांची टोके उडाली होती आणि खटक्याची कड गोल झाली होती.

आता घसरला का, ते नीट समजून घेऊ. हा रॅचेट ७२ दातांचा. म्हणजे एका दाताला ५ अंश. अरुंद जागेत हँडल जरासे हलवूनही काम होते म्हणून आजकाल सगळ्यांना बारीक दातांचेच हवे असतात. पण चकतीचा व्यास ३० मिलीमीटर धरला तर ७२ दातांत एका दाताच्या वाट्याला जेमतेम १.३ मिलीमीटर येते. दाताची खोली त्याहूनही कमी. हँडल २५० मिलीमीटर लांब आणि त्याच्या टोकाशी ४० किलोचा जोर लावला, तर चकतीच्या कडेला, म्हणजे मध्यापासून १५ मिलीमीटरवर, साडेसहाशे किलोहून जास्त भार पडतो. तो पूर्ण भार त्या इवल्याशा दातांनी झेलायचा. दात पूर्ण खोलीने एकमेकांत बसले असतील तर ते झेलतात, कारण भार एकाच वेळी कित्येक दातांवर वाटला जातो. पण खटक्याला आत ढकलणारी स्प्रिंग अगदी नाजूक असते, बोटाच्या नखाने दबेल अशी. तिच्यापुढे घट्ट ग्रीस आणि रेती आली की खटका अर्ध्या वाटेत थांबतो. मग भार टोकांवर येतो आणि टोके तुटतात.

चासीला लावतात ते एमपी-थ्री ग्रीस घट्टपणाच्या मोजपट्टीवर ३ क्रमांकाचे. ही मोजपट्टी ००० पासून ६ पर्यंत जाते, आणि आकडा जितका मोठा तितके ग्रीस घट्ट. जिथे ग्रीसने जागेवरून हलू नये अशा बेअरिंगसाठी ते उत्तमच आहे. रॅचेटमध्ये नेमका हाच गुण आडवा येतो.

याची दुसरी बाजू पाऊण इंची रॅचेटने दाखवली. त्यातही तेच ग्रीस, तीच रेती. तो मात्र एकदाही घसरला नव्हता. तो २४ दातांचा, एका दाताला १५ अंश, दात मोठे आणि स्प्रिंगही जाड. ग्रीसचा थर त्याच्यासाठी किरकोळ होता. पुतण्याची चूक ग्रीस लावण्यात होती असे म्हणणे म्हणूनच मला पूर्ण पटत नाही. जुन्या, जाड दातांच्या रॅचेटवर त्याने जे पाहिले होते तेच त्याने बारीक दातांवर केले. आमच्या पिढीने सगळ्याच रॅचेटमध्ये ग्रीस कोंबले आणि ते चालले, कारण तेव्हाचे रॅचेट तसे होते.

बादलीतले सात

डिझेलची बादली मी धडधडत्या मनानेच ओढली. पण सातांपैकी सहा उघडले तेव्हा आत चॉकलेटी पातळ गाळ निघाला, गंजाचा नुसता पुसटसा डाग, दात धारदार. डिझेलने हवा तोडली होती. गंजाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात.

सातवा, पाव इंची, बादलीच्या अगदी तळाशी गेला होता. त्याची स्प्रिंग खड्डे पडून दोन तुकडे झालेली. कारण तळाशी पाणी होते. ओले रॅचेट डिझेलमध्ये टाकले, त्यांच्यातले पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून खाली उतरले आणि तो बिचारा आठवडाभर त्या पाण्याच्या थरातच पडून राहिला. दुसऱ्या दिवशी बादली तिरपी करून खालचे पाणी काढून टाकले असते किंवा तळाशी जाळी ठेवली असती, तर तोही वाचला असता. पूर येऊन गेल्यावर ज्याला सगळी हत्यारे लगेच उघडणे शक्य नाही, त्याने ही एवढी गोष्ट नक्की करावी. डिझेल नसेल तर रॉकेल चालते. पेट्रोल मात्र कधीच नको, त्याची वाफ शून्याच्या खालच्या तापमानालाही पेट घेते आणि गॅरेजमध्ये वेल्डिंगची ठिणगी कुठून येईल सांगता येत नाही.

धुणे

धुण्याची पद्धत साधी आहे, पण घाई चालत नाही. दोन थाळ्या घ्यायच्या, दोन्हींत रॉकेल. पहिलीत जुना टूथब्रश आणि बांबूची टोकदार काडी घेऊन चकतीच्या दातांच्या मुळातला गाळ काढायचा. खटका ज्या खाचेत बसतो ती खाच आणि स्प्रिंगचे भोक सगळ्यात जास्त विसरले जाते, तिथेच सगळ्यात जास्त रेती असते. मग दुसऱ्या, स्वच्छ थाळीत बुचकळायचे. दुसऱ्या थाळीच्या तळाशी कण दिसले तर रॉकेल बदलून पुन्हा. हातमोजे घालायचेच. वाळवताना कॉम्प्रेसरची हवा भोकांत मारायची, चष्मा लावून, आणि सुटी चकती हवेने भिंगरीसारखी फिरवायचा मोह टाळायचा.

एका अर्धा इंचीचे झाकण उघडेना. स्क्रूचे डोके गंजून गुळगुळीत झाले होते. आधी त्यावर तेल सोडून रात्रभर ठेवले, मग बारीक कटरने डोक्यावर खाच पाडली आणि चपट्या पेचकसाने काढले. स्क्रू नवे घातले.

गंजासाठी मालकांनी संडास साफ करायचे अ‍ॅसिड आणून ठेवले होते. मी ते दुकानात परत पाठवले. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असते. त्याने गंज जातो हे खरे, पण कडक केलेल्या खटक्यात आणि स्प्रिंगमध्ये हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होतात आणि एक दिवस काहीही न सांगता तुटतात. शिवाय त्याच्या वाफेने शेजारच्या कपाटातली चांगली हत्यारेही गंजतात. डागांना तेलात बुडवलेली बारीक पोलादी लोकर पुरली.

तेल की ग्रीस

मालकांचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता, आता भरायचे काय. बारीक दातांच्या रॅचेटमध्ये मी शिवणयंत्राचे तेल वापरतो. खटक्यामागे एक थेंब, स्प्रिंगच्या छर्‍यावर एक, दातांवर बोटाने फिरवलेला हलका हात. चकतीच्या दात नसलेल्या गोल, गुळगुळीत बाहेरच्या भागावर तेवढे मऊ ग्रीस, तेही इतके पातळ की खालचे पोलाद दिसत राहावे. मऊ ग्रीस हाताशी नसेल तर थोड्या लिथियम ग्रीसमध्ये तेच तेल मिसळून ते पातळ करून घ्यावे. दातांच्या मुळात ग्रीस नको. तेल काही महिन्यांत उडते, पुन्हा घालावे लागते, ही त्याची उणीव मला मान्य आहे. पण परत घालायला एक मिनिट लागते आणि त्यासाठी उघडावेही लागत नाही.

ओल घालवायचा स्प्रे सगळ्यांकडे असतो. तो पाणी बाहेर काढायला चांगला, वंगण म्हणून टिकत नाही. खोबरेल किंवा तिळाचे तेल तर अजिबात नको. खायची तेले हवेने चिकट होतात आणि थंडीत खटका जाम करतात. गाडीतून काढलेले जुने इंजिन ऑइलही नको, त्यात काजळी आणि आम्ल असते. नवे इंजिन ऑइल थेंबभर चालेल.

तपासणी आणि निकाल

जोडल्यावर प्रत्येक रॅचेट आधी नुसत्या बोटांनी चौकोन धरून फिरवला. परतीचा अडथळा इतका कमी हवा की हाताने लागणारा सैल नट हँडलबरोबर मागे फिरणार नाही. मग एक जुना बोल्ट वाइसमध्ये घट्ट आवळून त्यावर जोर दिला, आधी सावकाश, मग पूर्ण, दोन्ही दिशांना. चकतीवर मार्करने खूण करून ती पूर्ण फेरी फिरेल इतक्या जागी हे केले, कारण उडालेले दात एकाच भागात असू शकतात. ओढायचे नेहमी स्वतःकडे आणि खाली, ढकलायचे नाही. घसरलाच तर मूठ मोकळ्या हवेत जाते.

अकरापैकी नऊ परत कामाला लागले. बादलीच्या तळाचा पाव इंची रॅचेट स्प्रिंगच्या किटची वाट पाहत थांबला आणि किट आल्यावर बरा झाला. लोक अशा वेळी बॉलपेनची स्प्रिंग कापून घालतात. तिची तार वेगळी, दाब वेगळा, म्हणून मी ते होऊ दिले नाही. घसरलेला रॅचेट मात्र मोडीत गेला. त्याचे हँडल आम्ही कटरने दोन तुकडे केले, कारण नुसता कोपऱ्यात ठेवलेला रॅचेट गर्दीच्या दिवशी कोणीतरी उचलतोच.

रिंग-रॅचेट पान्यांचा सेटही बुडाला होता. त्यांची डोकी बंद असतात, उघडायची सोय नाही. रॉकेलमध्ये बुडवून फिरवणे आणि पुन्हा नवे रॉकेल, असे करत राहिलो. दोन पान्यांत कुरकुर गेली नाही, ते आता फक्त हलक्या नटांसाठी आहेत आणि त्यांच्यावर लाल पट्टी आहे. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना, मी उघडलाच नाही. त्याच्या आतली स्प्रिंग मापाला जोडलेली असते. तो प्रयोगशाळेत कॅलिब्रेशनला पाठवला. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एरवीही तो बारा महिन्यांनी किंवा पाच हजार वापरांनी तपासायचा असतो, पुरानंतर तर प्रश्नच नाही.

ग्रीस भरलेल्या उरलेल्या दोन अर्धा इंचीपैकी एकाच्या चकतीवर ओरखडे आहेत, पण दात शाबूत. तो चालू ठेवायचा की नाही यावर आमचे दोघांचे मत वेगळे पडले. मालकांच्या मते टाकून द्यावा, पुतण्याची बोटे डोळ्यांसमोर आहेत. मला तो पूर्ण जोर देऊन तपासल्यावर भरवशाचा वाटला. शेवटी ठरले असे की जाम बोल्ट कोणीही रॅचेटने सोडवायचा नाही, आधी लांब दांड्याने सैल करायचा आणि मगच रॅचेट लावायचा. हा नियम आता सगळ्याच रॅचेटना आहे, फक्त त्याच्यापुरता नाही. हँडलवर पाइप चढवणे बंद केले आहे. तो ओरखडलेला रॅचेट दर तीन महिन्यांनी उघडून चकती तपासायची, हे काम पुतण्याने मागून घेतले. ट्रॉलीचे खालचे खण पावसाळ्यात रिकामे ठेवायचे आणि रॅचेट वरच्या फळीवर, असेही त्याने स्वतःच ठरवले.